आधी सांगा, मग गिळा

रंजनाबाईने पाकिटातून गोळी सोडवली, तळहातावर घेतली आणि मूठ मिटली.

“पहिले जिजीले सांगा,” ती नवऱ्याला म्हणाली, “मंग गिया.”

रतिलाल ओसरीवर खाटेत बसला होता. समोर खुर्चीवर त्याची थोरली बहीण, भिकूबाई. शहाद्याहून एसटीने आली होती, बिस्किटांचे पुडे घेऊन. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्याला डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकवायचं, हा गावचा शिरस्ता. पण रतिलाल येईल त्याला ‘डोळासना तरास शे, वय व्हयनं’ एवढ्यावर कटवत होता. वयावर त्याचा फार जीव. दाढी विरळ झाली, वय. बांधावर दम लागला, वय. बाजूचं दिसेना म्हणून मोटारसायकल केळीच्या ट्रॅक्टरला भिडवली, तेही वयच.

“सांग ना भाऊ,” भिकूबाई म्हणाली. “कॅन्सर शे का?”

“नई.”

“मंग?”

रतिलाल मिशीत काहीतरी पुटपुटला.

रंजनाबाईला डॉक्टरांचं बोलणं पाठ होतं. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, तिच्यात गाठ झाली आहे आणि ती डोळ्यांच्या नसा दाबते आहे. बाळंतिणीला दूध यावं म्हणून अंगात जे सुटतं, तेच ही गाठ पुरुषाच्या अंगात भरमसाट सोडते. मग पुरुषपण आटतं. तरुण माणसात अशी गाठ बहुधा झपाट्याने वाढते. उतारवयात सावकाश, आणि माणूस सगळं वयावर ढकलत बसतो. “यांची भलतीच आळशी दिसते,” डॉक्टर म्हणाले होते. “लग्नापासून तिथेच बसून असेल. मूलबाळ?”

“नाही.”

“तेव्हा यांना तपासलं होतं?”

रतिलाल भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला होता. तपासलं होतं ना, रंजनाबाईला. सुरतेच्या दोन दवाखान्यांत. रतिलाल दोन्ही वेळा बाहेर टपरीवर चहा पीत थांबला होता.

“तूच सांग,” रतिलाल आता बायकोला म्हणाला.

“माले काय समजस? मी तं वांझ.”

भिकूबाईने पदर सारखा केला. हा शब्द या घरात तिनेच आणला होता. पुतण्याच्या, हेमराजच्या हळदीत रंजनाबाईच्या हातातली वाटी तिनेच काढून घेतली होती, चारचौघींत, हसत हसत. “तू सैपाकनं देख,” म्हणाली होती.

रतिलालने मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. गोळीने गाठ आकसेल, पुन्हा दिसू लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे त्याचे डोळे त्या मुठीत होते.

“जिजी,” तो म्हणाला, “कमी मन्हामा व्हती.”

“कसानी कमी?”

“पोरंसनी. हिन्हामा नई. मन्हामा.”

“हयू बोल!” भिकूबाई खुर्चीतून अर्धी उठली. “शेजारे आयकतीन!”

“जोरमा बोला,” रंजनाबाई म्हणाली. “जिजीले कमी आयकू येस.”

रतिलाल जोरात बोलला. पलीकडच्या अंगणात कापूस निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.

“जाऊ दे,” भिकूबाई पुन्हा खुर्चीत टेकत म्हणाली. “आते काय त्यानं. ह्या वयमा...”

“वयले कसाले मधमा आनतस, जिजी? गाठ शे ती,” रंजनाबाई म्हणाली.

तिने मूठ उघडली आणि तांब्या पुढे केला. रतिलालने गोळी गिळली, मोठ्ठा श्वास सोडला, खाटेवर पाय पसरले. सुटलो, असं त्याच्या तोंडावर अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं.

“व्हयनं ना तुन्हं समाधान?”

“गुरुवारले हेमराजना घर जाऊत.”

“कसाले?”

“आठवडामा दोन गोया शेतस,” रंजनाबाई पाकीट कमरेला खोचत म्हणाली. “आनि डॉक्टर म्हने, दोन-तीन वरीस तरी खावा लागतीन.” ओसरीच्या टोकाशी जाऊन तिने गल्लीवरून एक नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“घाबरू नका. गाव मोठं शे.”