एका दशांशाचा फरक

"हा लाकडाला चालेल, काका. लोखंडाला नको," असं म्हणत काउंटरवरच्या मुलीनं प्लास्टिकचा कॅलिपर बाजूला सारला.

तपासनीस खूश झाले. कारखान्यात तयार माल तपासण्याच्या कामावरून निवृत्त होऊन त्यांना वर्ष होत आलं होतं. घरी बसून दिवस अंगावर यायला लागले, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत थोडं सुतारकाम, थोडी मशीनची दुरुस्ती असं काहीबाही सुरू केलं होतं. दोन्हीकडे चालेल असा एकच कॅलिपर त्यांना हवा होता. कारखान्यामागच्या या हत्यारांच्या दुकानात एवढी पारख असलेलं कुणी भेटेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिनं डिजिटलही काढून दाखवला. पण आत भुसा गेला की आकडे नाचायला लागतात आणि सेल नेमका नडीला संपतो, हेही तिनंच सांगून टाकलं. मग साधा पोलादी व्हर्निअर पुढे ठेवला. त्याचे जबडे मिटून ट्यूबलाइटसमोर धरले. मधून केसाएवढाही उजेड येत नव्हता.

हे सगळं शिकलीस कुठे, असं त्यांनी विचारलं. बाबांकडे, ती म्हणाली. ते लेथवर होते. गेलं वर्षभर घरीच आहेत. हल्ली भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी तिला हाक मारतात, जागा बरोबर आहे ना, बघ म्हणून.

तपासनीस हसले. वय झालं की होतं तसं, म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून आपला जुना कॅलिपर काढला. अस्सा दे, हा आता सरकताना अडतो, एवढंच. अठरा वर्षं त्यांनी याच्यावर माल तपासला होता आणि निरोपाच्या दिवशी कारखान्यानं तो त्यांनाच भेट दिला होता. आपल्या टेबलावरून एकही चुकीचा नग पुढे गेला नाही, हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढलाच.

मुलीनं तो उलटून पाहिला. पाठीवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. ते वाचायला तिला जरा जास्तच वेळ लागला.

तिनं जबडे मिटले. शून्य बरोबर शून्यावर आलं. पण टेकत होती ती फक्त टोकं. मुळाशी उजेडाची रेघ दिसत होती. तिनं ड्रॉवरमधून पंचवीस मिलिमीटरचा मापाचा ठोकळा काढला आणि मुळाशी धरला. चोवीस पूर्णांक नऊ. पुन्हा धरला. तेवढंच.

"हा कधी पडला होता का?"

तपासनिसांना सगळं आठवलं. पडला होता. निवृत्तीला महिना उरला असताना, फरशीवर. शून्य हललेलं दिसलं, तेव्हा त्यांनी स्क्रू सैल करून पट्टी सरकवली आणि शून्य जुळवून घेतलं. कळवलं असतं तर जाता जाता कागदावर डाग लागला असता. दुसऱ्या दिवशी लेथवरून आलेले दोनशे शाफ्ट त्याच कॅलिपरवर मिलिमीटरच्या एका दशांशानं बारीक भरले. त्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं. ते कातणाऱ्या टर्नरला कामावरून काढलं गेलं. अहवालावर सही त्यांचीच होती.

"आठवत नाही," ते म्हणाले. मग घाईनं म्हणाले, नवा बांधून दे आणि तो जुना भंगारात टाक.

तिनं नवा खोक्यात घालून त्यांच्या हातात दिला. जुना मात्र फडक्यानं स्वच्छ पुसला, तेलकट कागदात गुंडाळला आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

"भंगारात नाही टाकत, साहेब. दुसऱ्या कॅलिपरनं एकदा मोजून बघा म्हणून बाबांनी तुमच्यापुढे हात जोडले होते. आज मोजलं, एवढं त्यांना सांगते."