उजवा गुडघा

बँकेच्या दारातलं यंत्र वाजलं. बाबांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून पहारेकऱ्याच्या हातात दिला. यंत्र पुन्हा वाजलं. "कुलूपवाला आहे मी," बाबा म्हणाले. "शोधत बसलात तर आणखी दहा निघतील." पहारेकरी हसला आणि बाजूला झाला.

*

भर उन्हाळ्यातही बाबांच्या उजव्या गुडघ्यावर लोकरी पट्टा असतो.

*

आत्याचा फोन आला की ती आधी विचारते, "काय म्हणतो गुडघा?" आणि मग उगाचच बराच वेळ हसत राहते.

*

गेल्या हिवाळ्यात हवामान खात्यानं गारा सांगितल्या. एक गार पडेल तर शपथ. त्या दिवशी गुडघाही चुकला होता. गुडघ्याला गल्लीनं माफ केलं. वय झालंय, चालायचंच. खात्याला टोमणे अजून चालू आहेत.

*

ते टोमणे खायला गल्लीत एकच माणूस होतं. बाबांची मुलगी हवामान खात्यात नोकरीला होती, आणि सगळे तिला हवामानवालीच म्हणत.

"आज काय, पाऊस सांगितलाय का गं तुझ्या खात्यानं?" लॉन्ड्रीवाली मावशी गच्चीवरून ओरडायची. "मग चादरी बिनधास्त वाळत घालते!" आणि लगेच खाली वाकून, "काका, गुडघा काय म्हणतोय?"

"गप आहे," बाबा दुकानातून सांगायचे. मग चादरी खरंच बाहेर यायच्या.

तो गुडघा शिडीवरून पडून मोडला, तेव्हा मुलगी शाळेत होती. तेव्हापासून आभाळ भरायच्या आधी तो ठणकायचा. मावशीचं तर ठाम मत होतं की म्हातारपणी तो जास्तच धारदार झालाय. मुलीनं एकदा तिला हवेच्या दाबाबद्दल समजावून सांगितलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हुशार आहेस गं. पण गुडघा तो गुडघा."

सकाळी चहा पिताना बाबा रोज विचारायचे, "बोला साहेब, खातं काय म्हणतंय?" मुलगी सांगायची. बाबा उलटतपासणी घ्यायचे. वारा कुठून? सकाळी की दुपारी? नक्की ना? आणि शेवटी पट्टा सारखा करत म्हणायचे, "बरं. बघू, गुडघ्याला विचारतो." आपला बापच आपली फिरकी घेतो, याचं तिला थोडं वाईट वाटायचं. पण चहा मात्र ते फक्कड करायचे.

त्या रविवारी मैदानात गल्लीतल्या पोरांच्या स्पर्धा होत्या. मोठा मंडप उभा होता, आणि आयोजनाची सगळी सूत्रं मावशीच्या हातात होती. मुलगी सकाळीच मैदानावर गेली.

"मावशी, दुपारी सोसाट्याचा वारा सुटणार आहे. पोरांना शाळेच्या हॉलमध्ये न्या. हा मंडप टिकायचा नाही."

मावशीनं वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

"गारांसारखा वारा का?"

खुर्च्या मांडणारे खो खो हसले.

"मावशी, पोरं असणार आहेत आत."

"म्हणून तर म्हणते, रडवू नकोस त्यांना. महिनाभर वाट बघताहेत. जा, चहा पी."

ती घरी आली ती डोळे पुसतच. बाबा एका जुन्या कुलपात तेल सोडत होते.

"नाही ऐकलं?"

"हसले."

"वारा कुठून?"

"पश्चिमेकडून. बाबा, आत्ता नको ना चेष्टा."

"किती वाजता?"

"जेवणं झाली की लगेच."

"नक्की?"

"नक्की असं काही नसतं! दहातल्या आठ वेळा होतं. दोन वेळा नाही होत."

"आणि त्या दोन वेळा?"

"त्या दोन वेळा हसं होतं."

बाबांनी कुलूप खाली ठेवलं. "तेवढं चालतंय," ते म्हणाले आणि कोपऱ्यातली काठी घेतली.

ती दारात उभी राहून पाहत होती. बाबा लंगडत, दर चार पावलांवर थांबत मैदानावर गेले. मंडपाच्या खांबाला धरून उभे राहिले आणि त्यांनी असं काही "आई गं" म्हटलं की मावशी हातातलं सगळं टाकून धावली.

"काका, काय झालं?"

"पश्चिमेच्या अंगानं कळ येतेय. असा कधी ठणकला नव्हता गं."

मावशीनं वर पाहिलंसुद्धा नाही. "ए, खुर्च्या उचला! सगळे शाळेत चला! पोरांची जेवणं तिकडंच!"

जेवणं आटोपली आणि वारा आला. हॉलची दारं धडाधडा आपटली. सगळे खिडक्यांना चिकटले. मैदानात मंडप एकदा फुगला, उचलला गेला आणि खांबांसकट जमिनीवर आडवा झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मटकन खाली बसली.

मग वारा पडला. हॉलमध्ये लिंबू-चमच्याची शर्यत पुन्हा सुरू झाली आणि कुणाचंतरी लिंबू मावशीच्या पायाशी घरंगळत आलं. ते उचलून देत मावशी मुलीला म्हणाली, "तुमच्या खात्यानं काकांच्या गुडघ्याला नोकरीवर घ्यायला हवं बघ."

"साहेबांच्या कानावर घालते," मुलगी म्हणाली, आणि तिला हसू आलं. राग धरायला जागाच नव्हती. सगळी पोरं समोर धडधाकट ओरडत होती.

संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन बाबांजवळ बसली.

"द्या इकडं पाय. चोळून देते."

बाबांनी पाय आखडून घेतला. "राहू दे. आता शांत आहे तो." मग पट्टा सारखा करत म्हणाले, "बरं, बोला साहेब. उद्याचं काय म्हणतंय खातं?"

ती बाहेरगावी शेवटची परीक्षा देत होती त्या वर्षी, तिला न कळवता, आत्याकडे राहून बाबांनी उजवा गुडघा बदलून घेतला होता. तिथं तेव्हापासून धातू आहे, आणि तो एकदाही दुखलेला नाही.