अठरावर चिकटपट्टी

नागपूरहून आलेले अण्णा नॉटिंगहॅमच्या घरात दिवसभर हीटिंग फुल ठेवायला लागले, तेव्हा गिरीशने बॉयलरला रूम थर्मोस्टॅट बसवून घेतला. खोली अठरा अंशांपर्यंत तापली की बॉयलर आपला आपण बंद. डायल अठरावर ठेवून त्याने वरून चिकटपट्टी मारली आणि सांगितलं, "अण्णा, थंडी वाजली तर स्वेटर घाला, पण याला हात लावू नका."

अण्णांनी डायलला बोट लावलं नाही. तरी रोज संध्याकाळी घर नागपूरच्या मे महिन्यासारखं तापलेलं असे. इंजिनिअर दोनदा येऊन गेला, पण त्याला कुठेच बिघाड सापडेना. चिकटपट्टीही जागच्या जागी.

एका दुपारी गिरीश अचानक घरी आला. बाहेर बर्फ पडत होता, आत अण्णा नुसत्या बनियनवर पेपर वाचत बसले होते, आणि थर्मोस्टॅटवर त्यांचा ओला पंचा टांगलेला.

"अण्णा, हे काय?"

 

"अरे, नागपुरात आपण वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून सगळं घर गार करायचो. इथे तेवढ्या डबीलाच गार ठेवतो, बाकीचं घर ती तापवते."