टोपणनावाची फाईल

कवयित्री यशोधराबाई गेल्यावर त्यांचे कागद घेऊन त्यांचे यजमान अच्युतराव ग्रंथालयात आले. बाई वीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीच्या संपादक होत्या. तिथं अच्युतरावांनी टोपणनावानं सतरा कविता पाठवल्या होत्या. सगळ्या ‘साभार परत’ आल्या. बायकोला पत्ता लागला नाही, एवढंच त्यांचं समाधान.

ग्रंथपाल मुलीनं त्या कागदांतली एक फाईल पुढे केली. “आजोबा, हा कवी कोण हो? बाईंनी ह्याच्या सतराही कविता स्वतः उतरवून ठेवल्यात. वर चिठ्ठी आहे, बघा.”

‘आलेल्या कवितांचं अक्षर ह्यांचंच. छापण्याजोग्या नाहीत, पण माझ्यावरच्या आहेत. असू देत माझ्यापाशी.’

अच्युतराव बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“यादीत हे टोपणनावच घालू ना?”

“नको,” ते म्हणाले. “संपादकबाईंनी ओळखलंय. माझं खरं नाव लिहा.”