कोरे निळे बूट

"आता डोळे उघड," नवरा म्हणाला आणि त्याने बायकोच्या मांडीवर खोकं ठेवलं.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. पायाचं प्लास्टर कालच निघालं होतं. आजपासून चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि नवऱ्याने मनाशी ठरवून टाकलं होतं की हिचं पहिलं पाऊल निळ्या बुटांतच पडणार. पातळ कागद सळसळला. आतले बूट पहाटेच्या आभाळासारखे निळे होते. खोलीतला सगळा उजेड क्षणभर त्यांच्याभोवती गोळा झाला.

"म्हणजे विकायचे नाहीत?"

"नाहीत."

तिचा विश्वास बसेना. बसणार कसा? त्याचा धंदाच तो. कंपनी एखादा बूट मोजक्याच जोड्यांत काढायची. हा रांगेत उभा राहून घ्यायचा, कपाटात ठेवायचा आणि भाव चढला की विकायचा. निळे बूट निघाले तेव्हा लग्न नवं होतं. त्याने बायकोलाच काय, मेहुणीलाही रांगेत उभं केलं होतं. दुकानाचा नियम कडक होता. माणशी एक जोडी, तीही पाय मोजून, ज्याच्या त्याच्या मापाची. नफेखोरांना आळा बसावा म्हणून. आळा कसला बसतोय! याचं कपाट याच्याच मापाच्या बुटांनी गच्च भरलं, आणि हा पठ्ठ्या वर्षभर रबरी चपला फटफटवत हिंडायचा.

बायकोला ते बूट त्याच दिवशी घालायचे होते. "थांब थोडी, भाव चढू दे," तो म्हणाला होता. भाव चढला. तरी विकायला त्याचं मन धजेना, आणि तिला घालू द्यायलाही. दुपारी डोळा लागला की त्याला एकच स्वप्न पडायचं. नदीकाठचा लांबच लांब रस्ता, धुकं, पुढे ती चाललेली, आणि तिचे निळे बूट जमिनीला टेकतच नाहीत. भाव चढला की स्वप्नातला रस्ता आणखी लांबायचा. जाग आल्यावर त्याला वाटायचं, बूट जपतोय म्हणजे आपण हिलाच जपतोय. या विचाराने त्याला फार गोड वाटायचं.

मेहुणी दाराला टेकून हे सगळं बघत होती. तिच्या पायांत त्याच रांगेतली तिची जोडी होती. दुकानातून बाहेर पडतानाच तिने ती घातली होती आणि भावोजींनी कपाळावर हात मारला होता. आता त्या बुटांना निळं म्हणायला बरीच कल्पनाशक्ती लागली असती.

"भावोजी, आज सूर्य कुठून उगवला?" ती म्हणाली. "एरवी ज्याला पळायचंय त्याला मिळू देत नाही, आणि ज्याला मिरवायचंय त्याला दुपटीने विकता."

"मी काय चोरून आणतो का? तासन् तास रांगेत उभा राहतो. घेणारा आपखुशीने घेतो."

"आणि ज्याला परवडत नाही, तो?"

या भांडणात तो एरवी तासभर रंगला असता. आज मात्र तो खाली बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने बायकोच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि ती उभी राहिली. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं आणि त्याला वाटलं, स्वप्नातलं धुकं खोलीत उतरलंय.

मग काहीतरी मऊसर तुटलं. ती झुकली, त्याने तिला सावरलं. फरशीवर निळा चुरा पडला होता. बुटाचा तळ शिळ्या केकसारखा भुगा होऊन गळत होता. तिने घाबरून दुसरा पाय उचलला, तर त्याचाही तळ फरशीवरच राहिला.

मेहुणीने नकळत आपला पाय उचलून बघितला. तिचा तळ झिजला होता, पण धडधाकट होता.

नवऱ्याने तो चुरा चिमटीत धरून बघितला. असे तळ वापरात राहिले तरच टिकतात, बंद खोक्यात दमट हवा त्यांना आतून खाते, हे त्याने ऐकलं होतं. ऐकून हसण्यावारी नेलं होतं. न घातलेला बूट खराब होतो, हे त्याच्या धंद्यात कोण मान्य करणार?

"तू घरी नसलास की मी काढून बघायचे," बायको हळूच म्हणाली. "पायांत नाही घातले कधी. म्हटलं, तुझा भाव पडेल."

त्याला भयंकर लाज वाटली. इतकी, की तिच्याकडे बघवेना.

मेहुणीने आपले बूट काढले आणि बहिणीपुढे ठेवले. दोघींचे पाय लहानपणापासून एकाच मापाचे. बायकोने ते मळके बूट चढवले, पाय दाबून बघितले आणि म्हणाली, "चल, नदीपर्यंत जाऊ."

तो दारात चपला शोधायला वळला. तर त्या मेहुणीच्या पायांत. तो थबकला. मग कपाटापाशी गेला आणि वरचं खोकं उघडलं. पांढरे शुभ्र बूट होते, एका गिऱ्हाइकाला दाखवायला काढून ठेवलेले. पाय आत सरकला. इतकं मऊ असतं? आजवर एवढे बूट विकले, पण आपण काय विकतोय ते त्याला आज कळलं.

नदीकाठच्या रस्त्यावर धुकं नव्हतं. ऊन होतं, धूळ होती, आणि रस्ता तर अगदीच आखूड होता. ती त्याचा हात धरून चालत होती. तिचं प्रत्येक पाऊल जमिनीला टेकत होतं. मागून मेहुणीच्या चपलांची फटफट येत होती.

खिशातला फोन वाजला. गिऱ्हाईकच होतं.

"येऊ का संध्याकाळी बघायला? पण कोरे आहेत ना नक्की? एकदाही घातलेले नाहीत ना?"

त्याने खाली बघितलं. पांढऱ्या बुटांवर पहिली धूळ बसली होती.

"सकाळपर्यंत होते," तो म्हणाला आणि चालत राहिला.