दक्षाबेनचा नियम

जैन साध्वी उतरतात त्या उपाश्रयात बायकांची रांग लागली होती. चातुर्मास नुकताच बसलेला, त्यामुळे जी ती हात जोडून साध्वीजींकडून काही ना काही नियम घेत होती. कुणी आठ दिवसांचे उपवास घेतले, कुणी महिनाभर एकवेळ जेवण. फरसाणवाल्याच्या बायकोनं तळलेलं सोडलं, तेव्हा मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

दक्षा रांगेत होती आणि तिच्या मागे तिच्या सासूबाई, सविताबा. सुनेनं यंदा निदान एक उपवास तरी तडीस न्यावा, एवढीच बांची इच्छा होती. गेल्या वर्षी चारचौघांत झालेली शोभा त्या विसरल्या नव्हत्या. उपवासाच्या दुपारीच दक्षाच्या डाव्या डोळ्यापुढे करवतीच्या दात्यांसारखा उजेड नाचायला लागला, मग अर्धं डोकं फुटायला आलं, आणि गल्लीतल्या बायका विचारपूस करायला आल्या, तर त्यांच्या देखतच तिला भडाभडा उलटी झाली. शहांच्या सुनेला साधा एक उपवास झेपत नाही, हे मग खंभात गावभर झालं.

उपाय काही थोडे केले नव्हते. नाकात तूप सोडून झालं, दृष्ट काढून झाली, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाऊन झाली. जिलेबीचा गुण सासऱ्यांना आला, ते ती रोज मागू लागले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा आजार आहे, नखरे नव्हेत. पोट रिकामं ठेवू नका, रोज ठरल्या वेळी जेवा, निम्मा त्रास तिथेच कमी होईल. ऐकून दक्षाला हसूच आलं. तिच्या घरी दुपारी आधी सासरे, बापूजी, दुकानातून येत, मग नवरा, मग दीर त्याच्या मर्जीनं. प्रत्येकाच्या ताटात फुलका विस्तवावरून थेट पडायला हवा. तिचं स्वतःचं ताट वाढेपर्यंत ऊन उतरणीला लागायचं, आणि तोवर डोळ्यापुढे दाते नाचायला लागलेले असायचे.

तिची पाळी आली. तिनं साध्वीजींपुढे हात जोडले.

"महाराजसाहेब, मला जेवणाचा नियम द्या. दुपारी देरासरात देवाचं दार बंद होताना घंटा वाजते, ती वाजली की मी पानावर बसेन. तेव्हा नाही बसले, तर दुसऱ्या दिवशीपर्यंत अन्नाला शिवणार नाही."

रांगेत कुजबुज सुरू झाली. लोक जेवण सोडायचा नियम घेतात, ही बया जेवायचा घेते! सविताबांनी कपाळाला आठ्या घातल्या. साध्वीजींनी मात्र दक्षाकडे नीट निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, "अर्धशिशी?"

दक्षानं मान हलवली.

"माझ्या आईला होती," साध्वीजी म्हणाल्या. मग त्यांनी रीतसर पाठ म्हणून तिला नियम दिला आणि आवाज चढवून सविताबांना ऐकवलं, "नियम सोपा नाही हा. घरच्यांची साथ लागेल. हिच्या जेवणाच्या आड जो येईल, त्याला अंतरायाचं पाप लागेल, बरं का."

घरी येईपर्यंत बा तिच्या चार पावलं पुढेच चालत होत्या. दक्षाला वाटलं, आता आपली काही धडगत नाही.

दुपारी बापूजी जेवायला बसले. त्यांचे दोन फुलके झाले, तिसरा दक्षा लाटत होती, तेवढ्यात देरासराची घंटा वाजली. तिचे हात थांबले. हा एक वाढून मग बसू म्हटलं, की पुढे नवरा येणार, मागोमाग दीर येणार. म्हणजे उद्यापर्यंत उपाशी, आणि उद्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकून अंधारात पडायचं. तिनं गॅस बंद केला, ताटात डाळ-भात आणि भाजी वाढून घेतली आणि खाली मान घालून भिंतीशी बसली.

बापूजींनी ताटाकडे पाहिलं, मग विझलेल्या शेगडीकडे पाहिलं. सुनेशी ते सरळ बोलत नसत.

"फुलका नाही का आज?" त्यांनी भिंतीला विचारलं.

दक्षाचा घास हातातच राहिला. बाहेरच्या झोपाळ्याची कुरकुर थांबली आणि सविताबा गुडघ्यावर हात टेकत आत आल्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "ती जेवतेय."

त्या घरात हे वाक्य रोजचंच होतं. फक्त आजवर ते पुरुषांसाठीच म्हटलं गेलं होतं. बापूजी काही बोलायला गेले, तर बांनी त्यांना साध्वीजींचा निरोप सांगितला. अंतराय म्हटल्यावर त्यांनी मुकाट्यानं डाळीची वाटी तोंडाला लावली.

बांनी पदर खोचला, गॅस पेटवला आणि लाटणं हातात घेतलं. "आम्हाला मेलं असलं काही सुचलंच नाही कधी," त्या पिठाशी पुटपुटल्या. बऱ्याच दिवसांनी लाटत होत्या, फुलका जरा वाकडा झाला, पण विस्तवावर टाकल्याबरोबर टम्म फुगला. तूप लावून त्यांनी तो उचलला. बापूजींनी सवयीनं ताट पुढे केलं.

बांचा हात त्या ताटावरून पुढे गेला आणि फुलका दक्षाच्या ताटात पडला.

तिनं तो मोडला, तशी आतली वाफ बोटांना चटकन लागली. लग्न होऊन आल्यापासून रोज ती फुलके करत होती. फुलका खाताना इतका गरम असतो, हे ती विसरूनच गेली होती.