ओळखीचा माणूस

“लॉगिनचं काम झालं,” शार्दूल म्हणाला. “पेशंट कोण आहे ते हॉस्पिटलच्या सर्व्हरला आता बरोबर कळतं.”

आसावरीनं त्याचा कीबोर्ड ओढून घेतला. एका पेशंटच्या नावानं लॉगिन करून तिनं वेबसाइटच्या पत्त्यातला एक आकडा बदलला, आणि दुसऱ्याच बाईचा रिपोर्ट पडद्यावर उघडला. “ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं रे,” ती म्हणाली. “सर्व्हरनं प्रत्येक वेळी दोन्ही तपासायला हवं.”

तेवढ्यात पाळणाघरातून बागवे काकूंचा फोन आला. “अगं, रेवाचे बाबा आलेत तिला न्यायला. तिनं फाटकातच ओळखलं, धावत जाऊन बिलगली. तुमचं कोर्टात काय चालू असेल ते असो, बाप आहे शेवटी. पाठवू ना?”

आसावरी खुर्चीतून उठली. कोर्टानं त्याला लेकीला भेटायची मुभा दिली होती, न्यायची नाही. मागे एकदा तो तिला असाच घेऊन गेला होता, आणि ती सापडेपर्यंत आसावरी पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून होती.

“नको काकू. तिला आत घ्या आणि दार लावा. मी निघालेच.”

पलीकडे फोन रेवानं घेतला. “आई, अगं बाबाच आहे. तू त्याला ओळखत नाहीस का?”

चपलेत पाय सरकवता सरकवता आसावरी थांबली.

“ओळखते गं, राणी,” ती म्हणाली. “चांगली ओळखते.”